फरशी ओळखा, मगच पोछा लावा



दिवाळीची साफसफाई जवळ आली की किराण्याच्या यादीत दोन-तीन बाटल्यांची भर पडते. फिनाईल, अ‍ॅसिड, ब्लीचिंग पावडर, शिवाय एखादे सुवासिक फ्लोअर क्लीनर. फरशी कोणतीही असो, तिच्यावर हेच ओतायचे, खराट्याने घासायचे आणि बादलीभर पाणी मारायचे, अशी पद्धत पुष्कळ घरांत आहे. आपल्या इंदूर शहराने २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात पहिल्यांदा पहिला क्रमांक मिळवला. आता ओला आणि सुका कचरा वेगळा करणे इथल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. कचरा आपण ओळखून वेगळा करतो, फरशी मात्र न ओळखताच धुतो. म्हणून यंदाच्या अंकात हा पाठ देत आहोत.

काही पालकांनी आम्हाला विचारले होते की अ‍ॅसिडने धुतल्यावर कोटा फरशी पांढुरकी का पडली आणि पूर्वीपेक्षा लवकर का मळू लागली. या प्रश्नाचे उत्तर आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकाबाहेरचे नाही. ते नीट समजले तर पैसे वाचतील, फरशी वाचेल आणि घरात पोछा लावणाऱ्या व्यक्तीचे हातही वाचतील.

१. आपल्या पायाखाली काय आहे?

इंदूरच्या घरांत साधारणपणे पुढील प्रकारच्या जमिनी आढळतात.

सारवलेली जमीन : माती आणि शेण यांची. शहरात आता क्वचित दिसते, पण माळव्यातील खेड्यांत आजही आहे. तिच्यावरच गेरू आणि खडूने मांडणे काढतात.

कोबा : सिमेंटची घोटून गुळगुळीत केलेली जमीन. जुन्या वाड्यांत लाल किंवा काळ्या रंगाची असते. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो.

कोटा : शेजारच्या राजस्थानातील कोटा जिल्ह्यात, रामगंज मंडीच्या आसपासच्या खाणींतून येणारा हिरवट किंवा तपकिरी दगड. आपल्या शाळेचे वरांडे याच दगडाचे आहेत. हा चुनखडीचा दगड आहे. पुणे-सोलापूरकडच्या नातेवाइकांच्या घरी दिसणारी शहाबादी फरशी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून येते. तीही चुनखडीचीच, म्हणजे कोट्याची बहीणच म्हणा.

संगमरवर : मकराण्याचा सर्वांत प्रसिद्ध. ताजमहाल त्याचाच आहे. चुनखडीवर जमिनीच्या पोटात उष्णता आणि दाब पडून संगमरवर तयार होतो.

मोझॅक : सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा बसवून केलेली फरशी. १९७०-८० च्या सुमारास बांधलेल्या अनेक घरांत ही दिसेल.

ग्रॅनाइट : स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि जिन्याच्या पायऱ्यांवर बहुधा हाच असतो.

सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइल्स : भट्टीत भाजलेल्या. व्हिट्रिफाइड टाइल इतकी घट्ट भाजलेली असते की ती जवळजवळ पाणी शोषतच नाही.

आता या यादीचे दोन गट करा. कोटा, शहाबादी, संगमरवर आणि मोझॅक यांच्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आहे. कोबा सिमेंटचा, आणि सिमेंटही चुन्याच्याच घराण्यातले. हा झाला चुन्याचा गट. ग्रॅनाइट आणि भाजलेल्या टाइल्स हा दुसरा गट. फरशीच्या निगेचा अर्धा अभ्यास या वर्गीकरणातच झाला.

२. अ‍ॅसिड काय करते?

बाजारात मिळणाऱ्या फरशीच्या अ‍ॅसिडमध्ये आणि संडास साफ करण्याच्या बहुतेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते कॅल्शियम कार्बोनेटवर पडले की कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. फेस दिसतो तो याच वायूचा. फेस पाहून आपण म्हणतो, "बघा, कसा मळ निघतोय!" खरे पाहता मळ ज्यावर बसला आहे तो दगडच निघत असतो.

हिशेब करून पाहू. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवायला ७३ ग्रॅम हायड्रोक्लोरिक आम्ल पुरते. १० टक्के आम्ल असलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत सुमारे ५० ग्रॅम आम्ल असते. म्हणजे एक बाटली साधारण ६८ ग्रॅम दगड खाऊ शकते. खोलीभर पसरल्यावर हा थर डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ असतो, पण फरशीची चकाकी तेवढ्याच पातळ थरात असते. पॉलिश म्हणजे वरून चढवलेला रंग नव्हे. दगड घासून घासून सपाट केलेला असतो. सपाट पृष्ठभागावरून प्रकाशाचे नियमित परावर्तन होते, म्हणून तो चमकतो. आम्लाने त्यावर बारीक खड्डे पडले की परावर्तन अनियमित होते आणि फरशी पांढुरकी दिसू लागते.

गोष्ट इथे थांबत नाही. त्या बारीक खड्ड्यांत धूळ आणि तेल जाऊन बसते. फरशी लवकर मळते, म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा अ‍ॅसिड येते, खड्डे आणखी वाढतात. अशी दोन-चार वर्षे गेली की घरचे म्हणतात, "हा कोटा आता गेला, टाइल्स बसवून घेऊ." पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा दगड असा आपल्याच हाताने निकालात निघतो.

टाइल्स अ‍ॅसिडला दाद देत नाहीत हे खरे, पण दोन टाइल्सच्या मधली सांध सिमेंटची असते. ती झिजली की पाणी खाली मुरते आणि टाइल पोकळ वाजू लागते. म्हणून दुसऱ्या गटालाही रोज अ‍ॅसिड नको. नव्या टाइल्सवर सांडलेले सिमेंट काढायला मिस्त्री ते एकदा वापरतो, तेवढेच पुरे.

३. लिंबाची परीक्षा

आपली फरशी कोणत्या गटातली हे कळत नसेल तर दाराआडच्या कोपऱ्यात किंवा कपाटाखाली लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. पाच मिनिटांनी पाण्याने पुसून घ्या. तिथे बारीक बुडबुडे दिसले, किंवा वाळल्यावर निस्तेज ठिपका राहिला, तर फरशी चुन्याच्या गटातली समजा. काहीच फरक पडला नाही तर ती दुसऱ्या गटातली असण्याची शक्यता जास्त. ही परीक्षा फक्त लिंबाने करायची, अ‍ॅसिडने कधीही नाही. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरच्या फरशीवर न करता कोट्याच्या आणि टाइलच्या फुटक्या तुकड्यांवर करावा.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. लिंबू, चिंच, व्हिनेगर, आमसुलाचे पाणी, दही हे सगळे आम्लधर्मी पदार्थ आहेत. "घरगुती आहे, म्हणजे निर्धोक" असे समजून संगमरवर लिंबाने घासू नये. कोट्यावर किंवा संगमरवरावर कढी सांडली तर लगेच पुसावी.

४. रोजची सफाई : आधी झाडू, मग पोछा

फरशीचा दुसरा शत्रू म्हणजे बुटांबरोबर आत येणारी वाळू. फ्रेडरिक मोह्स या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी श्रेणी मांडली. तिच्यात संगमरवरातले कॅल्साइट ३ वर आहे, तर वाळूतले क्वार्ट्झ ७ वर. म्हणजे वाळूचा कण पायाखाली घासला की संगमरवरावर ओरखडा हमखास पडतो. झाडल्याशिवाय पोछा लावला तर तीच वाळू ओल्या कापडाखाली सगळ्या घरभर फिरते. म्हणून :

(अ) दाराबाहेर एक आणि दाराच्या आत एक असे दोन पायपुसणे ठेवा.

(आ) मऊ झाडूने आधी कोरडे झाडून घ्या. खराटा अंगणासाठी आहे, घरासाठी नाही.

(इ) दोन बादल्या घ्या. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे. मळलेला पोछा साध्या पाण्यात पिळायचा, मग साबणाच्या पाण्यात बुडवायचा. एकाच बादलीत काम केले तर पहिल्या खोलीचा मळ शेवटच्या खोलीत पोचतो.

(ई) चुन्याच्या गटासाठी ५ लिटर पाण्यात भांड्यांच्या सौम्य द्रव साबणाचा लहान अर्धा चमचा पुरतो. जास्त घातला तर फरशीवर चिकट थर राहतो आणि धूळ अधिक बसते.

(उ) फिनाईल बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घ्या. वास जास्त आला म्हणजे सफाई जास्त झाली असे नाही. मळ निघाल्यानंतरच जंतुनाशकाचा खरा उपयोग होतो.

(ऊ) शेवटी कोरड्या कापडाने पुसा. बोअरिंगचे जड पाणी फरशीवर वाळले की क्षारांचे पांढरे डाग राहतात. शिवाय ओल्या फरशीवर घरातील आजी-आजोबांचा पाय घसरण्याची भीती असते. पोछा चालू असताना तसे त्यांना सांगावे. ही सवय मुलांनी लावून घ्यावी.

५. प्रत्येकीची वेगळी निगा

सारवलेली जमीन झिजू लागली की पुन्हा सारवावी. शेणातील न पचलेले तंतू माती धरून ठेवतात आणि तिला भेगा कमी पडतात. हाताला जखम असेल तर सारवू नये, आणि नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

कोबा साध्या पाण्याने पुसावा. भेगा पडल्या तर वेळीच बुजवून घ्याव्यात, नाहीतर ओल आत शिरते.

कोटा, संगमरवर आणि मोझॅक निस्तेज झाले तर उपाय अ‍ॅसिड नव्हे, घिसाई. कारागीर मशीनने आधी जाड आणि मग क्रमाने बारीक दगड लावून पृष्ठभाग पुन्हा सपाट करतो. शेवटी तो ऑक्झॅलिक आम्लाची पावडर वापरतो, हे पाहून काही जण विचारतात की मग ते आम्ल कसे चालते. ते दगडाशी संयोग पावून न विरघळणारा पातळ थर तयार करते, म्हणून चालते. पण ते विषारी आहे, घरी आणून रोजच्या पोछ्यात घालण्याची वस्तू नव्हे.

ग्रॅनाइटला साबणाचे पाणी पुरते. मात्र काही फिक्या रंगाचे ग्रॅनाइट तेल शोषतात, म्हणून सांडलेले तेल ताबडतोब टिपावे.

टाइल्सच्या सांधी जुन्या दातांच्या ब्रशने खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून घासाव्यात. तारेचा घासा वापरू नये, त्याच्या तुकड्यांनी गंजाचे डाग पडतात.

६. सणावारांचे डाग

पणतीचे तेल कोट्यावर मुरले तर मुलतानी मातीत थोडे साबणाचे पाणी घालून जाड लेप करावा. तो डागावर पसरून वर प्लॅस्टिक झाकावे. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून लेप वाळू द्यावा. वाळताना माती तेल वर ओढते. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावे लागते. त्याहून सोपे म्हणजे पणतीखाली ताटली ठेवणे. मेणबत्तीचे मेण बर्फाने कडक करून लाकडी पट्टीने उचलावे. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, घाबरू नये. हळद क्षारात लाल होते. साबण धुऊन काढल्यावर तो पुन्हा पिवळा होईल, आणि ऊन पोचत असेल तर हळूहळू फिकट होईल.

७. हे मात्र कधीच नाही

अ‍ॅसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रावण, आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी, ही दोन कधीही एकत्र करू नका. एकावर एकही टाकू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, म्हणजे नेमका बसून फरशी पुसणाऱ्या व्यक्तीच्या नाकाशी. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकते. चुकून झालेच तर सफाई करत थांबू नये, तत्काळ मोकळ्या हवेत यावे. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर दवाखाना गाठावा.

अंगावर अ‍ॅसिड उडाले तर निदान २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे आणि डॉक्टरांना दाखवावे. चुना किंवा सोडा लावत बसू नये. अ‍ॅसिड पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला ते विकण्यास मनाई केली. तेव्हा "जा रे, कोपऱ्यावरून अ‍ॅसिडची बाटली घेऊन ये" असे मुलाला कोणी सांगू नये.

पालकांना एक विनंती. पुष्कळ घरांत फरशी पुसण्याचे काम मावशी करतात. कोणती बाटली कशासाठी आहे हे त्यांना वाचून दाखवावे, हातमोजे आणून द्यावेत आणि अ‍ॅसिड आणण्याचा आग्रह धरू नये. चकाकी आपल्या घराला आणि भाजलेले हात त्यांना, अशी वाटणी बरी नाही.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील प्रत्येक खोलीची फरशी पाहून दोन स्तंभांचा तक्ता करा : चुन्याचा गट आणि दुसरा गट.

२. आम्लामुळे फरशीतील १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळले. किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार झाला? (उत्तर : ४.४ ग्रॅम)

३. अंड्याच्या टरफलाचा एक अखंड तुकडा आणि एक कुटलेला तुकडा वेगवेगळ्या वाटीत घेऊन दोन्हींवर व्हिनेगर घाला. फेस कुठे लवकर येतो आणि का, ते लिहा.

४. घरातील सफाईच्या सर्व बाटल्यांवरील सूचना मोठ्यांच्या समोर वाचा. ज्या दोन बाटल्या एकत्र येऊ नयेत, त्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायला सांगा.

तक्ते दिवाळीच्या सुट्टीनंतर विज्ञानाच्या तासाला आणावेत. शाळेच्या वरांड्यातील कोटा कोणत्या स्तंभात लिहिला, ते आम्ही स्वतः तपासणार आहोत.