तारा फुटण्याआधी कसा होता?

टेमघरच्या आमच्या वर्गात एकाने विचारलं, "तारा फुटून गेला, मग आधी कसा होता ते कसं कळतं?"

१९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकींना एम १०१ दीर्घिकेत, सुमारे २ कोटी प्रकाशवर्षे दूर, अतिनवतारा (सुपरनोव्हा) दिसला. शास्त्रज्ञांनी त्याच जागेचे जुने फोटो तपासले. साध्या प्रकाशात मूळ तारा पुसट होता, कारण तो धुळीत दडलेला होता. स्पिट्झर दुर्बिणीच्या अवरक्त फोटोंत मात्र तो स्पष्ट सापडला: तांबडा महाराक्षसी तारा! पुढे स्फोटाच्या रेडिओ लहरींसाठी आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटीनेही निरीक्षणे केली.

वर्गात चहाची गरम किटली कापडाने झाका. किटली दिसत नाही, पण जवळ हात नेला की धग लागते. अवरक्त दुर्बीण अशीच धग टिपते. आधी मुलांना हात जवळ नेऊ द्या, उत्तर नंतर सांगा.