पाइपातून काय जाणार, ते आधी विचार

तात्यापारा, रायपूर
रविवार, रात्र

चि. सोनू,

दुपारी जेवताना तू विचारलंस, "मामा, लोखंडाचाच पाइप, मग एकाचा दर दुसऱ्याच्या दुप्पट कसा?" मी वरवरचं काहीतरी बोलून गेलो आणि तू सिलतऱ्याला परतल्यावर चैन पडेना. तिथल्या कारखान्यात परचेसच्या टेबलावर बसून तुला तीन आठवडे झालेत. हे आत्ताच नीट कळलेलं बरं.

आधी माझी चूक सांगतो. तुझ्या आईलाही ती ठाऊक नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी एका कारखान्याच्या स्टोअरला होतो. वाफेच्या लाइनसाठी सीमलेस पाइपाची मागणी आली. तो शिल्लक नव्हता. पाण्याच्या लाइनसाठी आणलेला बी, म्हणजे मीडियम क्लासचा ईआरडब्ल्यू, म्हणजे शिवणीचा पाइप, मात्र रॅकवर होता. माप तेच, रंग तोच. काम अडून राहू नये म्हणून मी तोच दिला. चौथ्या महिन्यात शिवण उकलली. खालून जाणाऱ्या फिटरचा हात कोपरापर्यंत भाजला. तो माणूस पुढे वर्षानुवर्षं मला भेटायचा, हसून बोलायचा, आणि माझी नजर त्याच्या हातावरून हटायची नाही.

यावरून ईआरडब्ल्यू वाईट असा अर्थ काढू नकोस. पोलादाच्या कॉइलच्या पट्ट्या कापतात, रोलरमधून गोल वळवतात, विजेने कडा तापवून एकमेकींवर दाबतात. बाहेरच्या बाजूचा मणी खरवडून टाकतात. आतला मणी बोट फिरवलंस तर बहुधा लागेल. पाणी, हवा, शेडचे खांब, परांची बांधायचे पाइप, यांसाठी तो उत्तम. सीमलेसला शिवणच नसते. तापलेला भरीव गट्टू फिरवत टोचणीवर चढवतात आणि पोकळ करतात. जर्मनीत मानेसमान बंधूंनी ही युक्ती 1885 मध्ये साधली, आपल्याकडे बारामतीलाही असे पाइप बनतात. जास्त दाब आणि जास्त उष्णता एकत्र आली की साधारणपणे सीमलेसकडे वळावं लागतं. माझी चूक ईआरडब्ल्यू दिला ही नव्हती; पाण्यासाठी केलेला पाइप मी वाफेला लावला, ही होती. तुमच्या स्पंज आयर्नच्या भट्टीच्या गरम वायूवर बॉयलर चालतो ना? तिथल्या वाफेच्या पाइपाला आयबीआरचा, म्हणजे बॉयलरच्या नियमांचा, कागद लागतो. कागद मागून येईल असं कोणी म्हणालं, तर पाइपही मागूनच येऊ दे.

आता माप. 50 एनबी (नॉमिनल बोअर) म्हणजे 50 मिलिमीटर असं धरून चालू नकोस. त्याचा बाहेरचा व्यास 60.3 मिमी असतो, आणि तो लाइट, मीडियम, हेवी या तिन्ही क्लासांत जवळपास तोच राहतो. जाडी बदलते ती आतल्या बाजूने. आयएस 1239 या मानकाप्रमाणे लाइट 2.9, मीडियम 3.6, हेवी 4.5 मिमी. ओळखीला लाइटवर पिवळा पट्टा, मीडियमवर निळा, हेवीवर लाल. पण पट्टा रंगाचा आहे, रंग कोणीही लावू शकतो. म्हणून काटा. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा कर, उरलेल्याला जाडीने आणि मग 0.02466 ने गुण. मीटरचं किलोत वजन निघतं. मीडियमचा सहा मीटरचा नग तीसेक किलो भरतो, लाइटचा साडेचोवीसच्या आसपास. ट्रक धरमकाट्यावर चढवण्याआधी हा हिशेब तुझ्या वहीत हवा. बॉयलरची ट्यूब मात्र बाहेरच्या व्यासानेच मागतात. इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, "पाइप" आहे की "ट्यूब", ते वाचत जा.

लाइट आणि मीडियममधला फरक मला खरा कळला तो कारखान्यात नव्हे, धमतरीकडच्या एका गावात, हातपंपाशी. इंडिया मार्क टू पंप तू गावोगाव पाहिलाच असशील. त्याचं मूळ आपल्याकडचं आहे, जालन्याचा पंप, मग सोलापूरचा पंप, आणि त्यातून 1970 च्या दशकात हा. त्यात खाली सोडतात तो 32 एनबीचा मीडियम जीआय (जस्त चढवलेला) पाइप, तीन-तीन मीटरचे तुकडे सॉकेटने जोडून. मेकॅनिकने मला तुटलेलं टोक दाखवलं. तुटलं होतं आट्यांतच. आटे पाडताना जवळजवळ दीड मिलिमीटर धातू खरवडला जातो. मीडियमची भिंत 3.2, म्हणजे पावणेदोन उरतात, लाइटची 2.6, म्हणजे जेमतेम एक. दहा तुकड्यांचं ओझं नव्वदेक किलो, वर पाणी, वर दिवसभर दांड्याचे हिसके, आणि सगळं त्या एक मिलिमीटरवर. कोणीतरी कुठेतरी मीडियमऐवजी लाइट घेऊन नगामागे थोडे पैसे वाचवले होते, आणि बायका चार दिवस तळ्याचं पाणी भरत होत्या.

जीआयबद्दल एक विसरू नकोस. जस्ताच्या कढईत बुडवलेला पाइप आत-बाहेर मढलेला असतो. आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याचा जीपी पाइप शिवणीपाशी जळून उघडा पडतो, आणि आतली शिवण उघडीच राहते. जीआयला वेल्डिंग करायचं झालं तर आधी जस्त घासून काढायला लाव. त्याच्या धुराने वेल्डरला रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि घरी कोणी ते धुराशी जोडत नाही.

स्लरीच्या लाइनचं गणित आणखी वेगळं. किरंदुलहून विशाखापट्टणमला 267 किलोमीटर लोहखनिज पाण्यात कालवून पाइपातून जातं. अशा पाइपाला घर्षणही सोसावं लागतं. कारखान्यातल्या छोट्या स्लरी लाइनचा तळ आधी झिजतो, म्हणून तो पाइप मधूनमधून फिरवून बसवतात. स्टेनलेसचं पुढच्या खेपेस सांगेन; तो विषय मोठा आहे आणि तुला सध्या त्याची गरज नाही.

उद्या टेबलावरचे इंडेंट काढ. ज्यावर "किंवा समतुल्य" लिहिलं असेल ते बाजूला ठेव, मागणाऱ्या विभागात स्वतः जा, आणि त्या पाइपाखालून रोज कोण ये-जा करतं तेही बघून ये. मग दर मागव.

तुझा
मामा