अर्बुद, प्राणवायू आणि व्याधिक्षमत्व

अर्बुद रक्तपुरवठ्याहून वेगाने वाढते. त्यामुळे त्याच्या गाभ्यात प्राणवायूची टंचाई असते. पेशी ही टंचाई कशी ओळखतात याच्या उलगड्यासाठी केलिन, रॅटक्लिफ व सेमेंझा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. पुरेसा प्राणवायू असता 'हिफ' हे प्रथिन पेशीत सतत नष्ट केले जाते. टंचाईत ते टिकते, नव्या रक्तवाहिन्या फुटावयास लावते आणि पेशीला प्राणवायूविना शर्करेवर जगविते. व्याधिक्षमत्वाचा घातही येथेच होतो. साचलेल्या लॅक्टिक आम्लात टी-पेशी मंदावतात. शिवाय हिफमुळे अर्बुदपेशींवर वाढलेले पीडी-एल१ त्यांना रोखून धरते. अशा वेळी नुसते 'प्रतिकारशक्ती कमी' हे निदान मला अपुरे वाटते.

हा अडसर काढणारे निव्होलुमॅब मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या प्रगत कर्करोगात दर ३ आठवड्यांनी अवघे २० मिग्रॅ, म्हणजे रूढ मात्रेच्या दशांशाहूनही कमी, वापरले. तोंडावाटे घ्यावयाच्या अल्पमात्रा औषधांना ही जोड देताच वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्के झाले (२०२२).

खर्च आवाक्यात आल्यावर असे रुग्ण कोल्हापूर-इचलकरंजीच्या दवाखान्यांतही येणार. मात्र मोकळ्या झालेल्या टी-पेशी आतड्यावर वा फुप्फुसावरही उलटतात. म्हणून अशा रुग्णाचा अतिसार कुटजाने थांबविण्याच्या भरीस न पडता वैद्यांनी त्यास त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे. नवा खोकला वा धाप असल्यासही तेच. औषधविक्रेत्यांनी कुटजघनवटी देण्यापूर्वी कर्करोगाची इंजेक्शने झाली आहेत का, हे विचारावे. इंजेक्शने थांबल्यावर काही महिन्यांनीही हा उपद्रव उद्भवतो.