संकटाची रंगीत तालीम

"डॉक्टर, खरी आग लागली तर आम्ही बघून घेऊ. हे नाटक कशाला?"

मी शासकीय रुग्णालयात नोकरीला असताना तिथल्या एका जुन्या मावशींनी मला हा प्रश्न विचारला होता. तीस वर्षे आयुष्य रुग्णसेवेत घालवलेली ही बाई. त्यांना उत्तर देताना मी अडखळलो, कारण आदल्याच महिन्यात मी खरोखरच एक नाटक बसवले होते.

वाचकांना आठवत असेल, ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. आत १७ बालके होती. सात वाचली, दहा गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागात आग लागून दहाहून अधिक रुग्ण दगावले. या घटनांनंतर आमच्याकडेही सराव घ्यायचे ठरले आणि तयारीची जबाबदारी माझ्यावर आली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण असते. महसूल, पोलीस, अग्निशमन आणि आरोग्य या खात्यांनी एकत्र सराव करावा, अशी त्यामागची कल्पना.

माझा पहिला आराखडा असा होता. वेळ सकाळी अकराची. बंब आधीच फाटकाशी उभा. पाहुण्यांना खुर्च्या. कोणी कुठून धावायचे हे दोनदा घोटून घेतलेले. सहा मिनिटांत 'रुग्ण' बाहेर आले, टाळ्या झाल्या, चहा झाला. सगळे घरी गेल्यावर आमच्या इनचार्ज सिस्टर मला हळूच म्हणाल्या, "सर, आग काय पाहुण्यांना वेळ विचारून लागते?"

मी त्या रात्री झोपू शकलो नाही. सराव यशस्वी झाला होता, पण त्यातून आम्ही काहीच शिकलो नव्हतो. सराव चुका सापडाव्यात म्हणून करायचा असतो, हे मी विसरलो होतो. मग तयारी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

तयारी कशी करावी?

पहिली गोष्ट म्हणजे काय तपासायचे ते एका वाक्यात लिहून काढणे. आम्ही लिहिले: 'रात्रपाळीचे कर्मचारी बालकक्षातील सर्व बाळांना शेजारच्या सुरक्षित वॉर्डात नेऊ शकतात का?' बस, एवढेच. एका सरावात दहा गोष्टी तपासायला गेले की एकही धड तपासून होत नाही.

दुसरी गोष्ट, आधी कागदावरचा सराव. सर्व खात्यांची माणसे टेबलाभोवती बसवायची, रुग्णालयाचा नकाशा पसरायचा आणि विचारत जायचे: धूर दिसला, आता पहिला फोन कोण करणार? वीज कोण बंद करणार? त्या कक्षाचा ऑक्सिजन बंद करण्याचा निर्णय कोणाचा? या बैठकीतच निम्मे गोंधळ उघडे पडतात.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. सरावापायी खऱ्या रुग्णाचे हाल होता कामा नयेत. आम्ही रंगकामासाठी रिकामी केलेली खोली बालकक्ष म्हणून घेतली. बाळांच्या जागी अडीच-अडीच किलो वाळूची दहा गाठोडी दुपट्यात बांधून ठेवली. खऱ्या रुग्णांसाठी एक डॉक्टर आणि दोन सिस्टर वेगळ्या राखून ठेवल्या. मध्येच खरी अडचण आली तर 'सराव बंद' एवढे दोन शब्द ओरडायचे, हे सर्वांना सांगितले. पोलीस ठाणे आणि अग्निशमन दलाला आगाऊ कल्पना दिली. कर्मचाऱ्यांना आठवडा सांगितला, रात्र सांगितली नाही.

चौथी गोष्ट, निरीक्षक. हातात घड्याळ आणि वही घेतलेली तीन माणसे ठिकठिकाणी उभी केली. त्यांनी मदत करायची नाही, बोलायचे नाही, फक्त लिहायचे.

त्या रात्री काय झाले?

पावणेतीन वाजता 'बालकक्षात धूर' असा पुकारा झाला. सिस्टर धावल्या. मागच्या दाराला कुलूप होते. किल्ली कार्यालयात खिळ्याला, आणि कार्यालयालाही कुलूप! मग पुढच्या दाराने जायचे, तर बोळात नातेवाईक झोपलेले. सतरंज्या, डबे, पाण्याच्या बाटल्या. भिंतीवर लिहिलेला अग्निशमन दलाचा दूरध्वनी क्रमांक जुना निघाला. बारा मिनिटांनी सर्व बाळे बाहेर आल्याचे सांगण्यात आले.

निरीक्षकाने मोजली. नऊ होती.

दहावे गाठोडे कोपऱ्यातल्या पाळण्यात तसेच पडून होते. प्रत्येकीला वाटले दुसरीने उचलले. मोजायचे कोणी, हे ठरलेच नव्हते, आणि नोंदवही आतच राहिली होती. मला नाटक कशाला म्हणून विचारणाऱ्या मावशी आत गेल्या, ते गाठोडे उचलून मांडीवर घेऊन बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वाळूचं होतं म्हणून बरं, डॉक्टर."

सकाळी सगळे एकत्र बसलो. एकच नियम घातला: 'कोण चुकले' हे विचारायचे नाही, 'काय चुकले' ते सांगायचे. ज्या सरावानंतर मेमो निघतो, त्याच्या पुढच्या सरावात कोणी खरे बोलत नाही. मग प्रत्येक त्रुटीपुढे उपाय, जबाबदार व्यक्ती आणि तारीख लिहिली. किल्ली दाराशेजारी काचेच्या पेटीत आली. पाळी बदलताना बाळे मोजून त्यांची यादी दाराजवळच्या पाटीवर लिहायची आणि ती पाटी घेऊनच बाहेर पडायचे, असे ठरले. तीन महिन्यांनी पुन्हा रात्रीच सराव घेतला. दहाही गाठोडी बाहेर आली.

आपण काय करावे?

वाचक म्हणतील, हे सरकारी कामाचे झाले, आमचा काय संबंध? पण बोळातल्या त्या सतरंज्या आपल्याच होत्या. म्हणून एवढे लक्षात ठेवावे:

१. रुग्ण दाखल होताच वॉर्डाचे दुसरे दार आणि जिना कुठे आहे ते पाहून ठेवावे. दाराला कुलूप दिसले तर सिस्टरना नम्रपणे विचारावे.

२. दारासमोर व बोळात अंथरूण, सामान ठेवू नये. रुग्णाजवळ एकच नातेवाईक थांबावा.

३. वॉर्डात शेगडी, पाणी तापवायची कॉइल, उदबत्ती, विडी-काडी नको. ऑक्सिजनजवळ तर मुळीच नको. उपकरणांच्या जागी मोबाईल चार्जिंगला लावू नये.

४. धूर झाल्यास वाकून, जमिनीलगत चालावे. बऱ्याचदा आगीच्या ज्वाळांआधी धूरच जीव घेतो. लिफ्ट वापरू नये. बाहेर पडताना खोलीत कोणी उरले नसल्याची खात्री करून दार लोटून घ्यावे, म्हणजे धूर पसरत नाही.

५. गावात सराव असल्याचे कळले तर गर्दी करू नये, अफवा पसरवू नये. 'रुग्ण' व्हायला बोलावले तर जरूर जावे.

आणि एक सराव आज रात्री घरीच करून पाहावा. दहा मिनिटे पुरतात. सिलिंडरचा रेग्युलेटर कोण बंद करील, आजींना कोण धरील, धाकट्याला कोण उचलील आणि बाहेर कुठे जमून माणसे मोजायची, हे ठरवून ठेवा. मोजायची जबाबदारी एकाच्याच नावावर असू द्या.