मुलांचा श्वास, टाळू आणि जबड्याचा सांधा

प्रत्येक वर्गात एखादे तरी मूल तोंड उघडे ठेवून श्वास घेताना दिसते. रात्री ते घोरते, सकाळी सुस्त असते आणि त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही. घरची मंडळी त्याला आळशी समजतात. वस्तुतः अनेकदा त्याचा श्वास अडलेला असतो. याकडे वेळीच लक्ष देणे अगत्याचे आहे.

प्रथम नाकाची तपासणी

नाकामागील ॲडेनॉइड ग्रंथी किंवा घशातील टॉन्सिल वाढल्यास अथवा सर्दी सतत राहिल्यास नाकाचा मार्ग अरुंद होतो आणि मूल तोंडाने श्वास घेऊ लागते. म्हणून प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. झोपेत श्वास मधूनमधून थांबत असेल, तर त्याचे निदान वैद्यकीय तज्ज्ञानेच करावयाचे असते. केवळ दात पाहून ते करता येत नाही.

टाळू रुंद करण्याचा उपचार

तोंडाचे छप्पर आणि नाकाची जमीन ही एकाच हाडाची दोन अंगे होत. साहजिकच वरचा जबडा अरुंद असेल, तर दातांना जागा अपुरी पडते आणि नाकाची पोकळीही अरुंद राहू शकते. लहानपणी टाळूचे दोन अर्धे भाग मध्यभागी एका शिवणीने जोडलेले असतात. ही शिवण हळूहळू उघडून जबडा रुंद करता येतो.

हा उपचार नवा नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील दंतवैद्य इमर्सन एंजेल यांनी १८६० साली सुमारे १४ वर्षांच्या एका मुलीचा जबडा स्क्रूच्या साहाय्याने रुंद केल्याचे प्रसिद्ध केले. समकालीनांनी त्यावर फारसा विश्वास ठेवला नाही. पुढे १९६१ साली अँड्रयू हास यांच्या लेखनानंतर ही पद्धती सर्वत्र रूढ झाली.

वरच्या दाढांना बसविलेल्या उपकरणाच्या मध्यभागी स्क्रू असतो. तज्ज्ञाने सांगितल्याप्रमाणे पालक तो किल्लीने दिवसातून एकदा वा दोनदा फिरवितात. दर वेळी साधारणतः पाव मिलिमीटर रुंदी वाढते. काही दिवसांत पुढच्या दोन दातांमध्ये फट पडते. पालकांनी घाबरून जाऊ नये; शिवण उघडल्याची ती खूण आहे आणि ती फट बहुधा आपोआप बुजते. नवे हाड भरून येईपर्यंत मात्र उपकरण काही महिने तसेच ठेवावे लागते.

वयाची मर्यादा

किशोरवय सरत जाते तशी शिवण घट्ट होत जाते. त्यानंतर हाडात बसविलेले स्क्रू किंवा शस्त्रक्रिया यांचा आधार घ्यावा लागू शकतो. म्हणून ही तपासणी लहान वयातच व्हावी. तथापि जबडा अरुंद नसताना, केवळ श्वास सुधारेल या आशेने टाळू रुंद करून घेऊ नये. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेनेही २०१९ साली हेच मत मांडले आहे.

जबड्याच्या सांध्याविषयी

टाळूची शिवण वेगळी आणि जबड्याचा सांधा वेगळा. हा सांधा कानाच्या पुढे असतो. तेथे बोट ठेवून तोंड उघडल्यास त्याची हालचाल जाणवते. दोन हाडांमध्ये एक चकती असते. ती थोडी सरकली, तर तोंड उघडताना 'कट्' असा आवाज येतो. वेदना किंवा अडथळा नसेल, तर बहुधा उपचाराची गरज नसते. दुखत असल्यास मऊ अन्न घ्यावे, शेक द्यावा, जांभई देताना जबडा आवरावा आणि दातावर दात दाबण्याची सवय सोडावी. पुष्कळांना एवढ्यानेच आराम पडतो. तोंड अडकत असेल किंवा पुरेसे उघडत नसेल, तर दंतवैद्याकडे जावे. टाळू रुंद केल्याने सांध्याचे दुखणे बरे होते, अशा आश्वासनावर मात्र पैसा खर्च करू नये.

शिक्षकांनी अशी मुले हेरावीत, शालेय आरोग्य तपासणीत त्यांचा आवर्जून उल्लेख व्हावा आणि पालकांनी ती गोष्ट मनावर घ्यावी. गोव्यातील पालकांना दात व जबडा यांच्या तपासणीसाठी बांबोळी येथील शासकीय दंत महाविद्यालयाचा लाभ घेता येईल. वाढीचे वय एकदा सरले की परत येत नाही. आज केलेली साधी तपासणी उद्याची शस्त्रक्रिया टाळू शकेल.