ॲस्टरचे बी व त्याची रोपे

तेरणा खोऱ्यात ढोकीच्या आसपास ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला हिवाळ्यात पाणी टिकते, त्यास दोन-चार गुंठ्यांत ॲस्टरचे पीक घेता येते. हे फूल मूळचे चीनमधील असून त्यास थंड, कोरडी हवा मानवते. नवरात्रात तुळजापुरास फुलांस मोठी मागणी असते. परंतु त्यासाठी बी जूनच्या आरंभी टाकावे लागते व पुढे पावसात रोपे सांभाळावी लागतात. नवख्याने तो खटाटोप न करता सप्टेंबरअखेर बी टाकून जानेवारी-फेब्रुवारीत फुले घ्यावीत, हे बरे.

या पिकात नुकसान होते ते बहुधा रोपवाटिकेतच, व त्याचे कारण जुने बी हे असते. ज्वारीचे बी कणगीत वर्षभर राहिले तरी उगवते. ॲस्टरचे तसे नाही. साध्या हवेत ठेवलेल्या बियांची उगवणशक्ती पुढील हंगामापर्यंत फार घटते. वरून बी चांगले दिसते, म्हणून शेतकरी फसतो. वाफा रिकामा राहिल्याचे ध्यानी येईपर्यंत पंधरवडा जातो आणि थंडीचे मोलाचे दिवस हातचे जातात.

यासाठी पेरणीपूर्वी शंभर बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात व फडके सावलीत ओले ठेवावे. दहा दिवसांनी मोड मोजावेत. सत्तरांहून अधिक आल्यास बी उत्तम समजावे. निम्मे आल्यास दुप्पट बी टाकावे. त्याहून कमी आल्यास ते बी टाकून द्यावे. ग्राम-कार्यकर्त्यांनी ही चाचणी शेतकऱ्याच्या घरीच, त्याच्या हातून करवून घ्यावी.

काळ्या भारी जमिनीत पाणी साचून रोपे कुजतात. म्हणून वाफा 1 मीटर रुंद, 3 मीटर लांब व 15 सेंटिमीटर उंच गादीचा करावा आणि त्यात चाळलेले कुजके शेणखत व वाळू मिसळावी. एका ग्रॅममध्ये चारशेहून अधिक बिया असतात, म्हणून त्या कोरड्या वाळूत कालवून दाट न पडतील अशा ओळीत टाकाव्यात. वर अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त थर देऊ नये. खोल गेलेले बी वर येत नाही. झारीने पाणी द्यावे, पाटाने नव्हे. वाफा वाळल्या गवताने झाकावा, मात्र कोंब दिसताच गवत त्याच सायंकाळी काढावे, नाहीतर रोपे पिवळी व लांबट होतात.

सुमारे चार आठवड्यांनी, चार-पाच पाने आल्यावर, रोपे उन्हे उतरल्यावर 30 सेंटिमीटर अंतराने लावून लगेच पाणी द्यावे. एका गुंठ्यात सुमारे 1,100 रोपे बसतात. मर रोगाची बुरशी जमिनीत राहते. म्हणून त्याच जागी लागोपाठ ॲस्टर घेऊ नये.

पुण्याच्या गणेशखिंड येथील संशोधन प्रकल्पाचे ‘फुले गणेश व्हाईट’, ‘फुले गणेश पिंक’ इत्यादी वाण संकरित नसल्याने त्यांचे बी घरी धरता येते. निरोगी व एकाच रंगाच्या झाडांवरील काही फुले न तोडता राखावीत. ती तपकिरी होऊन कापसासारखी फुलली की सकाळी खुडावीत, सावलीत वाळवावीत व बी चोळून काढावे. बाटलीच्या तळाशी कोरडा कोळसा घालून, वर कागदाच्या पुडीत बी ठेवावे व बूच घट्ट बसवावे. पुडीवर वाणाचे नाव व बी धरल्याचा महिना लिहावा.