घरातील दिवे कोणत्या क्रमाने बदलावेत?

विजेचे बिल वाढले म्हणजे दोष बहुधा पाण्याच्या मोटारीला किंवा मीटरला दिला जातो. माजघरात रोज पाच तास जळणाऱ्या ६० वॅटच्या जुन्या दिव्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ह्या दिव्यातील बारीक तार तापून उजेड देते. परंतु खर्च झालेल्या विजेपैकी शेकडा नव्वदांहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. एलईडी दिव्यात तार तापवावी लागत नाही. म्हणून जवळजवळ तेवढाच उजेड ९ वॅटमध्ये मिळतो. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र शासनाची उजाला योजना सुरू झाल्यापासून हे दिवे खेड्यांतही परिचयाचे झाले आहेत.

हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. ६० वॅटचा दिवा रोज ५ तास लावल्यास ३० दिवसांत ९ युनिट लागतात. ९ वॅटच्या दिव्यास १.३५ युनिट पुरतात. म्हणजे एका दिव्यामागे महिन्यास ७.६५ युनिट वाचतात. न्हाणीघरातील दिवा मात्र रोज अर्धाच तास लागत असेल, तर तो बदलून जेमतेम पाऊण युनिट वाचेल. म्हणून सर्व दिवे एकदम घेण्याची ऐपत नसल्यास सर्वांत अधिक वेळ जळणारा दिवा प्रथम बदलावा. ग्रामसेवकांनी हा हिशेब शेतकऱ्याच्या स्वतःच्या बिलावरून करून दाखवावा. तोंडी उपदेशापेक्षा तो लवकर पटतो.

खरेदी करताना केवळ वॅट पाहू नयेत. वॅटवरून वीज किती लागते ते कळते, तर ल्युमेनवरून उजेड किती पडतो ते कळते. ६० वॅटच्या जागी सुमारे ८०० ल्युमेनचा दिवा घ्यावा. एलईडी दिवा चुलीच्या अगदी वर किंवा बंद काचेच्या हंडीत लावू नये. उष्णतेने त्याचे आयुष्य घटते.

घरात जुने सीएफएल दिवे असल्यास ते जपून हाताळावेत, कारण त्यांत थोडा पारा असतो. दिवा फुटल्यास दारे-खिडक्या उघडून मुलांना बाहेर न्यावे. काचा केरसुणीने न झाडता जाड कागदाने गोळा करून डब्यात बंद कराव्यात.

एके ठिकाणी मात्र जुन्या दिव्याची उष्णताच उपयोगाची असते. कोंबडीच्या पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, ती एलईडी दिव्याने मिळणार नाही. तेथील दिवा काढू नये. पिले दिव्याखाली दाटी करू लागल्यास ऊब कमी पडते असे समजून दिवा खाली घ्यावा. ती दूर पळू लागल्यास तो वर टांगावा.